डॉक्टर आधी त्याच्याशी बोलल्या

माझ्या धाकट्या भावाने आजवर पाहिलेले डॉक्टर मोजायला बसले तर पंचवीस-तीस सहज भरतील. त्यात त्याला ‘या, बसा’ म्हणणाऱ्या ह्या पहिल्याच. तो दारातच थबकला आणि वळून माझ्याकडे बघायला लागला, हे नक्की कुणाला म्हटलंय म्हणून. वय 38, कानशिलावरचे केस पिकायला लागलेले, पण लोक अजून त्याला ‘बाळ’ म्हणतात. ‘तुम्हालाच म्हणतेय,’ डॉक्टर म्हणाल्या, ‘ताईंना नंतर विचारते. आधी तुम्ही सांगा.’ तो बसला. फोटो काढून घेताना बसतो तसा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

त्या खोलीपर्यंत पोचायला आम्हाला जवळजवळ एक वर्ष लागलं. ते वर्ष वाया गेलं त्यात माझाही वाटा आहे, म्हणून सगळंच सांगते.

धाकट्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच गुणसूत्रांत फरक आणि त्यामुळे बौद्धिक वाढ कमी. लहानपणी त्याला एकच बालरोगतज्ज्ञ होते, त्यांना तो आरपार ठाऊक होता. अठरा वर्षांचा झाला तसं ते म्हणाले, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मोठ्यांचे डॉक्टर म्हणाले, ह्याचं आम्हाला फारसं माहीत नाही, स्पेशालिस्टकडे जा. मग हृदयाचे वेगळे, कानाचे वेगळे, दातांचे वेगळे. प्रत्येकाकडे त्याचा एकेक तुकडा होता, अख्खा माणूस कुणाकडेच नव्हता. ताप आला की जो दवाखाना उघडा असेल तो. अशीच वीस वर्षं गेली, आणि आम्हाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. 1983 च्या सुमाराला अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होतं, आता ते साठच्या घरात गेलं आहे. म्हणजे चाळिशीतल्या, पन्नाशीतल्या अशा माणसांची सवय वैद्यकशास्त्रालाही तशी नवीनच.

तर झालं असं. धाकटा एका कार्यशाळेत कागदी पाकिटं करतो. दहा-दहाचे गठ्ठे लावतो, दुपारच्या सुट्टीपर्यंत दहा गठ्ठे. तिथल्या बाई एक दिवस म्हणाल्या, ‘हल्ली चारच होतात हो. ब्रश हातात धरून नुसता बसून असतो.’ मग आमच्याही लक्षात यायला लागलं. हाक मारली की ओ देत नाही. दिवसा बसल्याबसल्या झोपतो. आंघोळीला चला म्हटलं की अंगावर ओरडतो, आणि हा पोरगा जन्मात कुणावर ओरडलेला नव्हता. वजन वाढलं. रात्री दोन-तीनला उठून बसायचा आणि रडायचा. काय होतंय विचारलं तर ‘काही नाही’.

पहिले डॉक्टर दोन मिनिटांत मोकळे झाले. धाकट्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं, तेही तो आत आला तेव्हा. मला म्हणाले, ‘अशा मुलांमध्ये वयाप्रमाणे हे होतंच.’ दुसऱ्यांनी नाव दिलं: अल्झायमरची सुरुवात. त्यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रथिन साठतं त्याचा जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असतो, आणि डाउन सिंड्रोममध्ये नेमकं तेच गुणसूत्र एक जादा असतं. त्यामुळे हा आजार त्यांना लवकर गाठतो. मी घरी येऊन वाचत बसले, रडले, आणि खरं सांगायचं तर थोडी सुटल्यासारखीही झाले. नाव मिळालं की शोधाशोध थांबते. तिसऱ्यांनी ओरडण्यावर रिस्पेरिडोनची, म्हणजे मानसिक आजारात देतात ती, गोळी सुरू केली. ओरडणं कमी झालं. बाकी सगळं वाढलं: झोप, वजन, सुस्ती.

आई मात्र पहिल्यापासून एकच धोशा लावून होती. ‘अगं, त्याला ऐकू येत नाहीये. टीव्हीकडे उजवा कान करून बसतो.’ मी म्हणायचे, ‘आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना.’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं ते आता आठवायचं टाळते.

ह्या नव्या डॉक्टर फॅमिली डॉक्टरच, कुठल्याही मोठ्या शाखेच्या नाहीत. कार्यशाळेतल्या दुसऱ्या एका आईने सुचवलं. फोन केला तेव्हा त्यांच्या मदतनीस मुलीने मला भलतंच काम लावलं. म्हणाली, तो बरा असताना कसा असतो ते एका कागदावर लिहून आणा. काय होतंय ते नको, बरा असताना कसा असतो ते. किती बोलतो, किती झोपतो, स्वतःचं काय काय करतो, शौचाला किती वेळा जातो, दुखलं तर कसं कळतं. मी कागद घेऊन बसले आणि पाचव्या प्रश्नाला अडले. दुखलं तर तो काय करतो? जवळजवळ चाळीस वर्षं त्याच्याबरोबर एका घरात काढलेली मी, आणि मला सांगता येईना. आईने सांगितलं, ‘दुखलं की तो गप्प होतो आणि शर्टाचं खालचं बटण फिरवत बसतो.’ तिने ते इतक्या सहज सांगितलं, जणू सगळ्यांनाच ठाऊक असतं.

वेळ दिली ती दिवसातली शेवटची, म्हणजे बाहेर गर्दी नको आणि थांबणं नको. चाळीस मिनिटं.

तर, ‘या, बसा’ झालं. मग त्यांनी विचारलं, ‘पोट दुखतंय का?’ धाकटा म्हणाला, ‘हो.’ मी लगेच सरसावून बसले. त्यांनी हातानेच मला थांबवलं आणि जरा वेळाने विचारलं, ‘पोट बरं आहे ना?’ ‘हो.’ ‘पाय दुखतो?’ ‘हो.’ त्या हसल्या नाहीत. ‘हो’ म्हटलं की समोरचा खूश होतो हे अशी माणसं फार लहानपणी शिकतात, त्या नंतर मला म्हणाल्या. म्हणून हो-नाहीचे प्रश्न त्या विचारत नाहीत. त्यांनी माणसाचं एक चित्र काढून पुढे ठेवलं, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, ‘कुठे ते मला दाखवा.’ धाकट्याने बराच वेळ पेन्सिल हवेत धरली. मग आधी डाव्या कानावर एक गोल काढला. मग पोटावर एक मोठा गोल, आणि तो गिरवत राहिला, गिरवत राहिला, कागद फाटेपर्यंत.

मी त्या वेळी आईकडे पाहिलं नाही.

कानात बघायचं यंत्र आधी त्यांनी त्याच्या हातात दिलं, स्वतःच्या कानात त्याला बघू दिलं. मग त्याचे कान. डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी मुळातच अरुंद असते, मळ बाहेर यायला वाट नसते. दोन्हीकडे मळ दगडासारखा बसला होता, डावीकडे तर पडदाच दिसेना. आठवडाभर थेंब घालून मऊ करायचा आणि मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून काढून घ्यायचा असं ठरलं. मळ निघाल्यावर श्रवणचाचणीही करायची, कारण मळाच्या मागे खरोखरीची कमी असू शकते.

मग पोट. झोपवून हलक्या हाताने दाबलं आणि त्यांनी मला विचारलं, ‘शौचाला कशी होते?’ मी म्हटलं, ‘होते की. उलट मध्ये पंधरा दिवस पातळच होत होती, मी जुलाब थांबायची गोळी दिली.’

त्या क्षणभर थांबल्या. मग समजावून सांगितलं. आत घट्ट गोळा अडकून बसतो आणि मागचं पातळ त्याच्या कडेकडेने झिरपतं. बघणाऱ्याला जुलाब वाटतात, असतो बद्धकोष्ठ. आणि त्यावर मी आणखी बांधून ठेवणारी गोळी दिली होती. रिस्पेरिडोननेही बद्धकोष्ठ वाढतो. ‘हे साधं समजू नका,’ त्या म्हणाल्या, ‘बौद्धिक अक्षमता असलेली माणसं बद्धकोष्ठाने दगावतात. बद्धकोष्ठ, फुप्फुसात अन्न जाणं, पाणी कमी पडणं आणि फिट्स, ह्या चार गोष्टींकडे आमचं कायम लक्ष असावं लागतं.’ रात्री दोनला उठून रडणारा माझा भाऊ पोटात कळ येऊन रडत होता. आम्ही त्याला मनाची गोळी देत होतो.

ह्या प्रकाराला वैद्यकात नाव आहे, 1982 पासून: डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग. एका मोठ्या निदानाची सावली इतकी लांब पडते की तिच्याखाली बाकीचं काही दिसतच नाही. ओरडतो? सिंड्रोममुळे. झोपतो? सिंड्रोममुळे. मला हे नाव नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की सावलीत बघायला कुणी वाकलंच नव्हतं.

अल्झायमरचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, शक्यता मी खोडत नाही, पण ते सगळ्यात शेवटी. 2020 मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली आहे. तिच्यात चाळिशीच्या आत हे निदान करताना जपून राहा असं स्पष्ट म्हटलंय, आणि चाळिशीनंतर दरवर्षी तपासा असं. आधी बघायचं ते ऐकू येतं का, दिसतं का, थायरॉइड, झोप, उदासी, पोट, मान, आणि चालू असलेली औषधं. ह्यांपैकी काहीही बिघडलं तरी माणूस विसराळू आणि संथ होतो, आणि ह्यांतलं बरंचसं दुरुस्त होतं. मानेचं मला नवीन होतं. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून त्यांनी त्याला खोलीभर चालायला लावलं, लघवीवरचा ताबा सुटलाय का विचारलं, आणि मला बजावलं की दातांचं काम किंवा भूल असेल तेव्हा हे आधी सांगायचं, मान मागे ओढू द्यायची नाही. दातांच्या खुर्चीत तो आजवर किती वेळा मान मागे टाकून झोपलाय, कुणास ठाऊक.

थायरॉइडची चाचणी शेवटची कधी केली होती, असं त्यांनी विचारलं. फाइल उलटीपालटी केली. सहा वर्षांपूर्वी. एकविसाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी व्हायला हवी होती.

आता रक्त काढायचं म्हणजे आमच्याकडे महाभारत. मागच्या वेळी चौघांनी धरलं होतं आणि त्यानंतर पांढरा कोट दिसला की तो टेबलाखाली जायचा. डॉक्टर म्हणाल्या, आज काढायचंच नाही. पहिल्या खेपेला त्याने नुसतं त्या खुर्चीत बसायचं, हात टेकवायचा, घरी जायचं. चार दिवसांनी दुसऱ्या खेपेला दंडाला पट्टा बांधून दहा आकडे मोजायचे, पट्टा सोडायचा. त्याला मोजायला आवडतं हे मी कागदावर लिहिलं होतं, ते त्यांनी उचललं. तिसऱ्या खेपेला तासभर आधी घरूनच बधिर करणारं मलम लावून, वर पारदर्शक पट्टी चिकटवून नेलं. सुई आत गेली तेव्हा तो सातवर होता. दहा म्हणेपर्यंत काम झालं. ‘अजून?’ त्यानेच विचारलं. मदतनीस मुलगी म्हणाली, ‘नाही हो दादा, झालं.’ बाहेर येऊन तो मला दोनदा म्हणाला, ‘दादा म्हणाली.’

मला ह्याचा रागही आला, हे लिहायला हवं. तीन खेपा, दोन अर्ध्या रजा. चौघांनी धरलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं, असं मनात आलंच. पण त्यानंतरचं प्रत्येक रक्त एकाच खेपेत झालंय.

टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावली की रक्तात वाढतो तो आकडा, 46 आला. वरची मर्यादा चार-पाचच्या आसपास असते. म्हणजे सुस्ती, वजन, बद्धकोष्ठ, संथपणा, सगळ्याला पुरून उरेल एवढं एकच कारण, आणि उपाय म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी. कमी मात्रेपासून सुरुवात केली, कारण लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त, मग मात्रा थोडी वाढवली. रिस्पेरिडोन त्यांनी एकदम तोडली नाही. सुरू करणाऱ्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलल्या आणि तीन महिन्यांत पायरीपायरीने उतरवली. दरम्यान मी रोज वहीत लिहायचं: किती झोपला, ओरडला का, शौच कशी. शौचासाठी एक तक्ता असतो, सात प्रकारची चित्रं असलेला. तो बाथरूमच्या दाराला लावला. धाकटा रोज बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने नंबर सांगतो. पाहुणे असतानाही सांगतो.

कानातला मळ निघाला त्या दिवशी आम्ही घरी आलो आणि आईने स्वयंपाकघरातून नेहमीच्या आवाजात हाक मारली. तो दचकला. ‘ओरडू नको,’ आईला म्हणाला. श्रवणचाचणीत डाव्या कानात थोडी कमी निघाली. ती चाचणीसुद्धा आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा, अशा खेळाने केली. यंत्र दिलंय, ते बहुतेक वेळा खिशात असतं. डोळ्यांत मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, नुसतं लक्ष ठेवायचं.

झोपेचं राहिलं होतं. डॉक्टरांनी मोबाइलवर रात्रीचा व्हिडिओ मागवला. मी तासभराचा काढला आणि पाहताना पहिल्यांदा मोजलं: घोरणं, मग शांतता, बारा-तेरा सेकंद काहीच नाही, मग गुदमरून उठल्यासारखा एक श्वास. अडतीस वर्षं आम्ही ‘काय घोरतो हा’ म्हणून हसलो होतो. अरुंद श्वासमार्ग, सैल स्नायू, तोंडाच्या मानाने मोठी जीभ. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास डाउन सिंड्रोममध्ये फार आढळतो. झोपेची रीतसर तपासणी केली तेव्हा धाकट्याला तो बराच असल्याचं निघालं. नाकावर मास्क लावून हवा देणारं मशीन आलं. त्याचा कार्यक्रम अजून चालू आहे. पहिले पंधरा दिवस मशीन बंद ठेवून टीव्ही बघताना नुसता मास्क. मग मशीन चालू, पण जागेपणी. आता रात्री दोन-अडीच तास राहतो, मग काढून उशीखाली ठेवतो.

एका भेटीत डॉक्टर म्हणाल्या, ‘ताई, आई, तुम्ही जरा बाहेर बसता का?’ मदतनीस मुलगी आत थांबली. मला ते लागलं. नंतर त्यांनी सांगितलं, प्रत्येक प्रौढ पेशंटला त्या एकट्याने विचारतात: कुणी मारतं का, नको तिथे हात लावतं का, घरात भीती वाटते का. ‘घरात’ हा शब्द ऐकून माझे कान तापले. त्या शांतपणे म्हणाल्या, अशा माणसांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, आणि विचारायला कुणी नसतं. मला त्यांना काही उत्तर सुचलं नाही. त्यांनी शरीराबद्दलही काही सांगितलं असावं, कारण त्यानंतर धाकटा आंघोळीला आतून कडी लावायला लागला. आईला ते आवडत नाही. मी तिला समजावते, पण मला तरी कुठे सवय आहे.

आता वर्षातून एकदा, त्याच्या वाढदिवसाच्या महिन्यात, पूर्ण तपासणी असते. तो दुखणं सांगत नाही, म्हणून दुखणं शोधायला जायचं, एवढंच त्यामागचं गणित. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या चौदा वर्षांवरील व्यक्तींना अशी वार्षिक तपासणी फॅमिली डॉक्टरकडेच मिळते. कॅनडातल्या फॅमिली डॉक्टरांनी 2006 मध्ये ह्याचे नियम लिहून काढले आणि 2011 व 2018 मध्ये सुधारले. आमच्या डॉक्टरांनी ते छापून ठेवलेत, समासात पेनाने खुणा केलेल्या. पण मला त्या कागदांपेक्षा आमचा एक पानाचा कागद जास्त कामाचा वाटतो. त्याची घडी आता धाकट्याच्या पाकिटात असते: कसा बोलतो, दुखलं की काय करतो, कोणत्या गोळ्या, मान मागे ओढू नका. मध्ये पडल्यामुळे त्याला रात्री इस्पितळात न्यावं लागलं. तिथल्या नव्या डॉक्टरांनी मलाच विचारायला सुरुवात केली, तेव्हा त्याने पाकीट काढून तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, आणि त्याच्या शर्टाच्या खालच्या बटणाकडे पाहिलं.

पाकिटांचे गठ्ठे आता आठवर आलेत. दहा नाहीत. डॉक्टर म्हणतात, चाळिशी ओलांडली की स्मरणशक्तीची तपासणी सुरू करू, आज तो काय काय करतो त्याची नोंद आत्ताच करून ठेवू. आईने ती यादी लिहून घेतली. मी सांगत होते आणि ती मध्येमध्ये दुरुस्त करत होती.

परवा भेटीच्या आदल्या रात्री धाकट्याने माझ्याकडून कागद मागून घेतला आणि माणसाचं चित्र काढलं. हात-पाय काड्यांचे, डोकं भलंमोठं. मग पेन्सिल घेऊन बराच वेळ बसला. कुठेच गोल काढला नाही. चित्राच्या नाकावर मास्क काढला, आणि त्याच्यावर मोठी फुली मारली.